भावकीबाहेरचा सल्ला

वाशिमहून पुसदकडे जाताना अनसिंग लागते. गाव मोठे, बाजाराचे. शृंगऋषींच्या मंदिरामुळे पंचक्रोशीत ओळखीचे. आसपासच्या खेड्यांतली आणि तांड्यांवरची माणसे बियाणे, किराणा, दवाखाना अशा कामांसाठी इथे येतात. अशा गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो आणि काही प्रश्नांच्या बाबतीत तीच मोठी अडचण होऊन बसते. सुनेला दिवस का जात नाहीत, थोरल्याची दारू कशी सोडवायची, वाटणीत विहीर कोणाकडे जावी, बँकेची नोटीस आली ती घरात सांगावी की नाही, असले प्रश्न भावकीत काढले की संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचतात. सल्ला मिळतो, पण त्याबरोबर बोलही लागतो.

म्हणून वऱ्हाडातल्या माणसाने असे प्रश्न बहुतेक वेळा परक्यासाठी राखून ठेवले. आज रात्री उशिरा मोबाइलवर एखाद्या ग्रुपमध्ये ‘जाणकारांनी सांगावे’ असे लिहून प्रश्न टाकला जातो, अर्ध्या तासात कोल्हापूरपासून गोंदियापर्यंतचे अनोळखी लोक उत्तरे देतात, आणि हे सारे इंटरनेटने आणले असे वाटू लागते. साधन नवे आहे. रिवाज मात्र फार जुना आहे.

सुगी झाली की गावात फिरस्ते येत. पिंगळा पहाटेच्या अंधारात यायचा. हातात कंदील, बोटांत कुडमुडे, आणि पिंगळा पक्ष्याची भाषा कळते असा दावा. नंदीवाल्याचा बैल प्रश्नाला मान हलवून होकार-नकार द्यायचा. वैदू झाडपाल्याची पोटली घेऊन यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी ‘गावगाडा’ या १९१५च्या ग्रंथात या फिरस्त्यांची तपशीलवार नोंद केली आहे आणि त्यांच्यावर कडक टीकाही केली आहे. कुणब्याच्या खळ्यावरून किती वाटे जातात याचा त्यांना राग होता, आणि तो रास्तच होता. पण त्या हिशेबात एक गोष्ट आली नाही. पिंगळ्याला धान्य घालणारी बाई भविष्याबरोबर ऐकणाऱ्या कानाचीही किंमत मोजत होती. तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाणार, त्याला तिचे सासर-माहेर माहीत नाही, तिने विचारलेले तो कोणाच्या ओट्यावर बसून सांगणार नाही. उत्तर पुष्कळदा ठोकताळ्याचे असे. विचारता आले, एवढे मात्र खरे असे.

याच पट्ट्यात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते. शेतात घट मांडायचा, भोवती धान्ये ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून पाऊस-पिकाचे भाकीत सांगायचे. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगितली जाते. भाकिताला शास्त्रीय आधार नाही. तरी दरवर्षी लांबलांबची शेतकरी मंडळी तिथे जमतात, कारण पेरणीपूर्वीची धास्ती एकट्याने सोसवत नाही.

१ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले. किंमत पाव आणा. न पाहिलेल्या माणसाला प्रश्न विचारणे त्या दिवसापासून गरिबालाही परवडू लागले. मात्र कार्ड उघडे असते. पोस्टमन वाचतो, शाळामास्तर वाचतो. त्यामुळे उघड्यावर विचारायचे ते कार्डावर आणि शरीराचे, संसाराचे ते बंद पाकिटात, अशी विभागणी सहजच झाली. या बंद पाकिटांना मराठीत पहिला निर्भीड वाचक मिळाला तो मुंबईत.

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १४ जानेवारी १८८२, विषय गणित, उच्च शिक्षणासाठी पॅरिसला जाऊन आलेले. १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. हे काम सोडा असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी प्राध्यापकी सोडली. घर पुष्कळसे पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चालले. जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक निघाले आणि ते कर्व्यांनी मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्यात निघाला.

या मासिकातला लेखांइतकाच मोलाचा भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न. ज्या गोष्टी नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नसत, त्या लोक कर्व्यांना लिहून विचारत. हस्तमैथुनाने शरीर खंगते का, समलिंगी ओढ हा रोग आहे का, पाळणा लांबवायचा तर काय करावे. कर्वे थोडक्यात, सरळ शब्दांत, पाप-पुण्य मध्ये न आणता उत्तर देत. विचारणाऱ्याला त्यांनी कधी लाजवले नाही. मराठीतल्या साऱ्या सल्लागारांत त्यांचे स्थान वरचे मानावे लागते ते यासाठी, आणि आणखी एका कारणासाठी: विचारणारा पडद्याआड असे, उत्तर देणारा मात्र स्वतःच्या नावानिशी उभा असे.

त्या नावाची किंमत त्यांनी मोजली. १९३१मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी ठपका होता तो वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन फार दिवस लोटले नव्हते, हाती देशाचे राजकारण होते, आणि तरीही एका छोट्या मासिकातल्या प्रश्नोत्तरांसाठी ते न्यायालयात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. असले विकृत प्रश्न छापायची आणि त्यांना उत्तरे द्यायची गरजच काय, असा आक्षेप आला. विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, ज्याला प्रश्न पडला आहे त्याला उत्तर मिळालेच पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. एप्रिलमध्ये निकाल विरुद्ध गेला. दोनशे रुपये दंड झाला.

अनोळखी माणसाच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा हक्क न्यायालयात लढवला गेला, तो खटला आपण हरलो, आणि तरीही मासिक पुढे एकोणीस वर्षे चालले. मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा हा प्रसंग शाळेच्या पुस्तकातही यायला हवा. बाबासाहेबांनी तो विषय तिथे सोडला नाही. नोव्हेंबर १९३८मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. तोही फेटाळला गेला.

अनसिंगसारख्या गावापासून हे सारे फार लांब होते. वाशिम हा एकेकाळी वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. १९०५मध्ये तो मोडला, वाशिमचा भाग अकोल्याला जोडला गेला आणि जिल्हा पुन्हा वेगळा झाला तो थेट १ जुलै १९९८ रोजी. मधली त्र्याण्णव वर्षे सरकारी सल्ला हवा तर वाशिम ओलांडून अकोल्याची वाट धरावी लागे. वाचता न येणाऱ्यांना तर मासिकाचा उपयोगच नव्हता. त्यांच्यापर्यंत परक्याचा आवाज पोहोचवला रेडिओने.

१९५६मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. गावातली पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा संध्याकाळी रेडिओभोवती जमत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना मूळची कॅनडातली. तिथे १९४१पासून शेतकऱ्यांचे असे गट रेडिओ ऐकत होते. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने या प्रयोगाची पाहणी केली. गट असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली तेव्हा गटवाल्या गावांच्या माहितीत स्पष्ट वाढ दिसली. निरक्षर माणसेही मागे राहिली नव्हती.

या प्रयोगाचे मर्म नुसते ऐकण्यात नव्हते. परक्याचा सल्ला आधी गावाने आपसांत घोळला, ‘आपल्या काळ्या रानात हे चालंल का’ असे विचारले, शंका परत पाठवली, आणि मगच स्वीकारला किंवा टाकला. इतकी पक्की चाळणी पुढच्या कोणत्याही साधनाला साधली नाही. अनसिंग तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते, त्यामुळे त्या पाच जिल्ह्यांत वऱ्हाड नव्हते. नोव्हेंबर १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. १९५९मध्ये हे ग्रामीण श्रोत्यांचे गट देशभर सुरू झाले, पण ती शिस्त हळूहळू सैलावली. ‘माझं घर, माझं शेत’ ऐकणारे पुष्कळ राहिले, ऐकून एकत्र बोलणारे कमी झाले. १९६९मध्ये अकोल्यात कृषी विद्यापीठ उभे राहिले. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि ‘आमची माती, आमची माणसं’ने शेतीच्या सल्ल्याला चेहरा दिला.

बायकांच्या प्रश्नांना मात्र रेडिओचा सार्वजनिक कान पुरेसा नव्हता. १९८२मध्ये पुण्यात विवाहित तरुणींच्या मृत्यूंनी शहर हादरले. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला आणि त्या मृत तरुणींतल्या एकीच्या नावाचे ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगाव नेले. प्रदर्शन पाहायला आलेल्या बायका तिथेच थांबून स्वतःचे सांगू लागल्या. समोरची कार्यकर्ती अनोळखी होती, म्हणूनच सांगता येत होते. त्यातून ‘बोलते व्हा’ हे केंद्र उभे राहिले. नावातच त्याचे काम आहे: आधी बोला, सल्ल्याचे नंतर पाहू. कर्व्यांनी पत्राला दिलेला मान या केंद्राने समोर बसलेल्या बाईला दिला. अर्थात पुण्याला असे केंद्र निघणे आणि वाशिम तालुक्यातल्या बाईला ते गाठता येणे यांत चारशे किलोमीटरच्या आसपास अंतर होते.

ते अंतर, निदान शेतीच्या प्रश्नांपुरते, तोडले ते फोनने. २१ जानेवारी २००४ रोजी केंद्र सरकारने किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट लागतो, सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत कृषी पदवीधर मराठीतही उत्तर देतात. वऱ्हाडासाठी तो काळ फार वाईट होता. जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत वाशिम होता. खोडमाशीवर काय फवारावे याचे उत्तर फोनवर मिळत होते. रात्री झोप लागत नाही, माणूस बोलेनासा झालाय, हे कोणत्या क्रमांकावर सांगायचे, ते मात्र तेव्हा सांगता येत नव्हते.

परदेशातल्या मराठी माणसांनी त्याआधीच आपला पार इंटरनेटवर बांधला होता. अमेरिकेतून १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेल्या ‘मायबोली’वर बाळाच्या वरण-भातापासून आईच्या गुडघेदुखीपर्यंत सगळे विचारले जाई आणि न पाहिलेल्या कुणा ताईचे उत्तर येई. वाशिमच्या खेड्यापर्यंत ही सोय यायला आणखी वीस वर्षे लागली. २०१६च्या सप्टेंबरनंतर मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला आणि व्हॉट्सॲप शेताच्या बांधावर गेले.

त्याचा फायदा खरा आहे. २०१८च्या मे महिन्यात कर्नाटकातल्या शिवमोगा भागात अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली आणि काही महिन्यांत ती महाराष्ट्राच्या मक्यात उतरली. पूर्वी न पाहिलेली कीड. सरकारी पत्रक गावात येण्याआधी मोबाइलवर तिचे फोटो फिरले: डोक्यावर इंग्रजी वायची उलटी खूण, शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठिपके. या दोन खुणा पाहून शेतकऱ्याला स्वतः पोंगा उकलून अळी ओळखता आली. कीटकशास्त्र शिकलेली तरुण मुले आणि अनुभवी शेतकरी यांनी चालवलेल्या ‘होय आम्ही शेतकरी’सारख्या गटांनी हे काम मनापासून केले. कोणाकडून एक रुपया न घेता रात्री अकराला उत्तर देणाऱ्या या माणसांचे ऋण मोठे आहे.

पण २०२३चा सोयाबीनचा हंगाम आठवून पाहावा. विदर्भात पिवळा मोझॅक आणि मूळ-खोड कुजणे अशा दोन्ही रोगांनी उभे पीक गेले. लांबून दोन्हींत शेत पिवळेच दिसते. मोझॅक विषाणूचा, पांढऱ्या माशीमुळे पसरणारा. त्यावर बुरशीनाशकाचा काहीच उपयोग नाही, झाड लवकर उपटून टाकायचे आणि माशी आवरायची. मूळकूज बुरशीची, तिचे मूळ जमिनीत. मोबाइलवरच्या एका पिवळ्या पानाच्या फोटोवरून हा फरक करणे जाणत्यालाही अवघड जाते. ग्रुपवर दहा जण दहा औषधे सांगतात, कृषी केंद्राचा दुकानदार त्यात अकरावे घालतो, आणि पंपात सगळे एकत्र होते. २०१७च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. औषधांची मनाने केलेली मिश्रणे हे त्यामागच्या कारणांतले एक होते. सल्ला चुकला की पिंगळ्याच्या वेळी सूपभर जोंधळे जात. आता जीव जातो.

म्हणून परक्याच्या सल्ल्याची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्या या इतिहासातूनच मिळतात. कर्व्यांसारखे सांगणाऱ्याने आपले नाव आणि शिक्षण उघड ठेवले आहे का. रेडिओभोवतीच्या गटासारखे, त्या सल्ल्यावर गावातल्या चार अनुभवी माणसांशी बोलणे झाले आहे का. आणि ‘बोलते व्हा’सारखे, सांगण्याआधी त्याने पुरते ऐकून घेतले का. ज्या उत्तरात उलटा प्रश्न नाही, म्हणजे पेरणी कधीची, जमीन कोणती, आधी काय फवारले असे काहीच विचारलेले नाही, ते उत्तर पंपात जाऊ देऊ नये. औषधाच्या डब्यावर त्या पिकाचे आणि किडीचे नाव, म्हणजे लेबल क्लेम, आहे की नाही हे पाहावे. शंका राहिलीच तर उपटलेले झाड मुळासकट पिशवीत घालून कृषी सहाय्यकाला किंवा रिसोड तालुक्यातल्या करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. फोटोत मूळ दिसत नाही.

ग्रुपवरचा आणखी एक तोटा बोलून दाखवायला हवा. तिथे आता पुष्कळदा गावातलीच माणसे असतात. भावकी मोबाइलमध्ये शिरली आहे. सोयाबीनचा प्रश्न तिथे चालतो; कर्जाचा, दारूचा, बायकोशी बिनसल्याचा चालत नाही. ज्या प्रश्नांसाठी परका माणूस शोधावा लागत होता, तेच प्रश्न पुन्हा माणसाच्या पोटात राहिले आहेत.

त्यांच्यासाठी आता एक जागा आहे. १० ऑक्टोबर २०२२पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनाशुल्क, मराठीत. पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, त्याला आपली भावकी माहीत नसते आणि आपले बोलणे गावात येत नाही. अनसिंगच्या आणि भोवतालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने हा क्रमांक फलकावर ठळक लिहावा, शाळेने मुलांच्या वहीवर लिहून घ्यावा, आणि कृषी केंद्रांनी तो बिलावर छापावा. घरातला एखादा माणूस गप्प-गप्प राहू लागला असेल तर त्याच्या मोबाइलमध्ये तो आजच साठवून द्या.